मानसतज्ज्ञाला तालुक्याला पाठवा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, सांगली.

स.न.वि.वि.

दहावीचे परीक्षा अर्ज भरायची वेळ आली की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कोणाचे तरी वडील, मामा, क्वचित मुख्याध्यापक. “मॅडम, पोराचा एलडीचा दाखला पाहिजे. बोर्डाला प्रस्ताव पाठवायचाय, तारीख जवळ आलीय.” एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता : बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित न जमणं. पोरगा पंधरा वर्षांचा. त्याला वाचायला जमत नाही हे घरी आणि शाळेत सगळ्यांना दुसरी-तिसरीपासून ठाऊक आहे. मधल्या वर्षांत त्याला ओरडा मिळाला, छड्या मिळाल्या, शिकवणी मिळाली, एखाद्या घरी अंगारासुद्धा लागला. जमत का नाही, हे मात्र कोणी बसून पाहिलं नाही. आता पाहायचं, तेही जादा वेळ आणि लेखनिक मिळावा एवढ्यासाठी.

मी सांगली-मिरज भागात शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. सवलतींना माझा विरोध नाही, तो मुलांचा हक्कच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जे २१ प्रकार दिलेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी त्याच कायद्यात लिहिलेल्या आहेत. पण त्याच कायद्याचं कलम १६ असंही सांगतं की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करायचे. आपण परीक्षेतल्या सवलतीचा भाग उचलला आणि शिकवण्याचा भाग फायलीत ठेवला. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते माध्यमिकच्या साहेबांना न लिहिता आपल्याला लिहितेय. काम पहिली ते पाचवीत आहे.

मागणी एकच आहे. जिल्हा परिषदेने मानसतज्ज्ञाला ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात बसवावं आणि तिथून शाळेत पाठवावं. मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावणं हा शेवटचा मार्ग असावा. आज तो पहिला आणि एकमेव आहे.

हा माणूस शाळेत येऊन करतो काय, असं एका विस्तार अधिकाऱ्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. बहुतेकांची समजूत अशी असते की आम्ही ‘आयक्यू काढतो’. तोही काढतो, पण ते कामातलं सगळ्यात सोपं आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी उपयोगाचं अंग. त्यापेक्षा एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चौथीतला मुलगा. त्याची मराठीची वही उघडली की फळ्यावरून उतरवलेली पानं मोत्याच्या दाण्यांसारखी. त्याच वहीत मागे श्रुतलेखन. ‘सूर्य’चं ‘सुरय’, ‘किल्ला’चं ‘कली’, ‘पर्वत’चं ‘परत’, मग खाडाखोड, मग कोरं पान. खाली लाल शाईत शेरा : लक्ष देत नाही. गुरुजींना मी दोष देणार नाही. ज्याचं एक पान इतकं देखणं, त्याला दुसरं का जमू नये, असं कोणालाही वाटेल.

आधी डोळे आणि कान तपासून घेतले. हे न करता पुढे जाणारा मानसतज्ज्ञ दारात उभा करू नये. दोन्ही ठीक. मग त्याला म्हटलं, ‘पाटली’ म्हण. म्हणाला. आता त्यातला ‘ट’ काढून म्हण. खूप विचार करून म्हणाला, “पाटी.” पुस्तकातला धडा वाचायला दिला तर गडी सफाईने वाचून मोकळा. म्हणून त्याला ‘तोमक’, ‘गुबटी’ असे काहीच अर्थ नसलेले शब्द दिले, तर तिथे तो थांबलाच. धडा तो वाचत नव्हता, वर्गात ऐकून ऐकून पाठ झालेला म्हणत होता. आणि फळ्यावरचं उतरवताना तो अक्षरांची चित्रं काढत होता, त्या चित्रांचा आवाजाशी संबंध त्याच्या डोक्यात जुळलेलाच नव्हता.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून मराठी मुलांना डिसलेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, होत नाही, तो इंग्रजी शाळांचा आजार, असं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणातसुद्धा ऐकलंय. तसं नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि ऐकू येते नंतर. ‘सूर्य’मधला अर्धा र बोलायला आधी, पण लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यात काना, मात्रा, उकार, जोडाक्षरं. बहुतेक मुलं हे सगळं तक्रार न करता गिळतात. काहींच्या घशात अडकतं, आणि ती मुलं ढ नसतात. याच मुलाला मी विचारलं, म्हैसाळ योजनेचं पाणी तुमच्या वावरात कसं येतं? त्याने पंप, कालवा, पाळी, पाणीपट्टी आणि पाळीवरून भावकीत झालेली भांडणं इतक्या क्रमाने सांगितली की मला लिहून घेणं जमेना.

यानंतर जे झालं ते मला चाचणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गुरुजींच्या हातात एक पानाचं मराठी टिपण दिलं आणि शाळा सुटल्यावर आम्ही दोघं वर्गात बसलो. श्रुतलेखनाला दहाऐवजी चार शब्द घ्या आणि तेही एकाच जातीचे, या आठवड्यात फक्त पहिली-दुसरी वेलांटी. लिहिताना त्याला आवाज तोंडाने काढू द्या. वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नका. उद्या कोणता परिच्छेद वाचायचाय ते आज सांगून ठेवा. परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घ्या आणि त्याचे पूर्ण गुण द्या. रोज पंधरा मिनिटं. गुरुजी म्हणाले, “मॅडम, माझ्याकडं दोन वर्ग आहेत. पंधरा मिनिटं आणायची कुठनं?” मग तोडगा त्यांनीच काढला. हा मुलगा रोज पहिलीतल्या पोरांना त्यांचं पुस्तक वाचून दाखवणार. पोरांना दादा वाचून दाखवतोय, दादाला लाज न वाटता सोपा मजकूर मिळतोय, आणि गुरुजी तेवढा वेळ तिसरीच्या वर्गाकडे बघतायत. हे मला सुचलं नसतं. हे कोणत्याही चाचणीच्या पुस्तिकेत नसतं.

तो आज भराभर वाचत नाही, सावकाश वाचतो. पण वाचतो, आणि शाळा चुकवत नाही.

आता याची तुलना प्रत्यक्षात जे चालतं त्याच्याशी करा. मूल जिल्ह्याच्या ठिकाणी जातं. एका आईचा अनुभव असा : पूर्व भागातून पहाटेच्या एसटीने निघाली, रोजगार बुडवला, एका सरकारी रुग्णालयात पोचली, तर चाचणी घेणाऱ्या मॅडम रजेवर, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी गर्दी. तिसऱ्या खेपेला चाचणी झाली आणि हातात इंग्रजीत चार पानं पडली. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, उपचारात्मक अध्यापनाची शिफारस. म्हणजे नक्की काय, कोणी, कधी, कशाने? ती चार पानं शाळेच्या कपाटात गेली. खासगीत गेलं तर काही हजार रुपये खर्च होतात आणि पानं जरा जास्त असतात, एवढाच फरक. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहितेय. ज्या अहवालातून शिक्षिकेला सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही, तो अहवाल आम्ही आमच्यासाठी लिहिलेला असतो.

आणि दाखल्याची गंमत बघा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी (त्यांच्या जागी २०२४ मध्ये नव्या आल्या) असं ठरवलं होतं की अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच द्यायचं, १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. त्याला कारण आहे. लहान वयात वाचायला उशीर लागणं आणि अक्षमता असणं यातला फरक कळत नाही. पण शाळेत त्याचा अर्थ लावला जातो की आठ वर्षांपर्यंत काहीच करायचं नाही. पुढे दाखल्यावरच्या सवलतींसाठी चाळीस टक्के अक्षमतेची रेघ. मूल त्या रेघेच्या खाली राहिलं की घरचे सांगतात, “नाही म्हणाले डॉक्टर.” त्या मुलाला मदतीची गरज नाही असं डॉक्टर म्हणालेले नसतात. वर्गात चार शब्दांचं श्रुतलेखन द्यायला कोणाच्या सही-शिक्क्याची गरज नाही, हे आपल्या एका परिपत्रकाने सगळ्या शाळांना कळवता येईल. त्याला पैसेही लागत नाहीत.

कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्याचा मुद्दा वेगळा काढते, कारण मानसतज्ज्ञाने जागेवर जाणं का गरजेचं ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. उमदीकडच्या गावातून सांगली म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. अंतराचं एक वेळ जाऊ द्या. तिथली कित्येक मुलं घरी कन्नड बोलतात आणि मराठी शाळेत बसतात. अशी मुलगी तिसरीत मराठी वाचत नसेल तर त्याची कारणं दोन असू शकतात, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. तिच्याशी कन्नडमध्ये बोलल्याशिवाय, तिच्या आजीला ‘ही घरी गोष्ट कशी सांगते’ हे विचारल्याशिवाय कोणी तिला अध्ययन अक्षम ठरवत असेल तर तो अन्याय आहे. आणि ‘घरची भाषा वेगळी, होईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं, पण तिला कन्नडमधले आवाजसुद्धा सुटे करता येत नसतील, तर तोही अन्यायच. मिरजेत एका खोलीत बसून, एका सकाळी, मराठीतून हे ठरत नाही.

साधनं नाहीत असंही नाही. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे बुद्धिमापन चाचणी बसवली ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही मुलांसाठी. बिने-कामत नावाने ती अजून वापरात आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, त्यांनी भारतीय भाषांसाठी डिसलेक्सिया तपासणीचं ‘डाली’ हे साधन तयार केलं, त्यात हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड आहे. म्हणजे जतला नेमक्या ज्या दोन भाषा लागतात त्याच. साधन आहे, घेऊन जाणारं माणूस नाही.

जत-आटपाडीची दुसरी गोष्ट आपल्याला मी सांगायला नको. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, परततात. जी मुलं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात ती तेवढे महिने शाळेत नसतात. असं मूल वाचत नाही याला अक्षमता म्हणत नाहीत. त्याला बुडालेली शाळा भरून द्यावी लागते, दाखला देऊन भागत नाही. चांगल्या मानसतज्ज्ञाच्या कामात ‘या मुलाला अक्षमता नाही’ हे ठामपणे लिहिणंसुद्धा येतं. अलीकडे तर हेच जास्त वेळा लिहावं लागतं, कारण शाळेला अप्रगत मुलांच्या यादीत कुठला तरी रकाना भरायचा असतो.

हे नवीन खूळ आहे असं कोणाला वाटू नये म्हणून थोडं मागचं. १८९६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला लाइटनर विट्मर यांच्याकडे एका शिक्षिकेने एक मुलगा आणला, त्याला शब्दलेखन जमत नव्हतं. मानसशास्त्राचा पहिला दवाखाना त्या मुलापासून सुरू झाला असं मानतात. म्हणजे सुरुवातच शाळेतल्या अडचणीपासून, आणि आणणारी बाई मास्तरीण. पुढे १९१३ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना शाळांसाठी मानसतज्ज्ञ म्हणून नेमलं. बर्ट यांच्या नंतरच्या संशोधनावर फार मोठे आरोप झाले, ते बाजूला ठेवू. मला भावतं ते नेमणाऱ्याचं नाव. कौन्सिल म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, आपल्या जिल्हा परिषदेसारखी. आणि नेमणूक अर्धवेळ होती! इंग्लंडमध्ये आजही शैक्षणिक मानसतज्ज्ञ प्रामुख्याने स्थानिक प्रशासनाच्या नोकरीत असतात, आणि विशेष गरजा असलेल्या मुलाचा कायदेशीर आराखडा त्यांचं मत घेतल्याशिवाय होत नाही. तिथेही त्यांचा तुटवडा आहे, आईबाप महिनोन्‌महिने रांगेत असतात, तेव्हा तिकडे सगळं सोन्याचं आहे असा माझा दावा नाही.

आपल्याकडे पद नाही, हे उत्तर मला माहीत आहे. पद नसलं तरी धागे बरेच आहेत, ते एकमेकांना बांधलेले नाहीत. अक्षमतेची शंका असलेली मुलं शाळेतच ओळखायला एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची आहे; तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा विशेष शिक्षकाने भरायचा. समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक आहेत, आणि केंद्र स्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहासाठी, त्यांची पदं निर्माण करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येतेच, आणि त्यांच्या तीस आजार-अवस्थांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे. फक्त त्या दिवशी वजन-उंची आणि दात बघण्यातच वेळ संपतो, हे शाळेतल्या कोणालाही विचारा. म्हणजे शंका घेणारा माणूस आहे, शिकवणारा आहे, शेवटी प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ आहे. अडचण नेमकी कुठे आहे आणि म्हणून काय करायचं, हे सांगणारा मधला माणूस तेवढा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. तो निकाल आत्महत्यांच्या संदर्भातला आहे, वाचनाच्या नाही, हे मान्य. पण आपल्या वाडी-वस्तीवरच्या शाळांचा पट शंभरच्या आतलाच असतो, म्हणजे त्यांना हा जोडणीचा भाग लागू पडतो. ती जोडणी प्रत्येक मुख्याध्यापकाने आपापली शोधायची का? ते काम तालुका पातळीवर एकदाच व्हावं. आणि ज्या माणसाशी जोडणी कराल त्याला मुलाचं दुखणंही ऐकता यावं आणि चाचणीही घेता यावी. दोन्ही कामं एकाच शिक्षणातून येत नाहीत. समुपदेशनाचा छोटा अभ्यासक्रम केलेल्या माणसाच्या हातात बुद्धिमापनाची पेटी देऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघा.

पैशांचं बोलते, कारण तिथेच विषय संपवला जातो. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांग कल्याणासाठी ठेवायचा असतो. त्यातून साहित्य वाटप होतं, ते व्हावंच. पण वाचता न येणाऱ्या मुलाला वाटण्यासारखं साहित्य नसतं, त्याला माणसाचा वेळ लागतो. त्या निधीतून मानसतज्ज्ञाचं दिवसावर मानधन देता येईल का, हे समाजकल्याण आणि शिक्षण या दोन विभागांनी एका टेबलावर बसून ठरवावं. शासनाकडे कायम पदाचा प्रस्ताव जरूर पाठवा. तो मंजूर होईपर्यंत आजची दुसरीतली पोरं सातवीत गेलेली असतील.

सुरुवात जतपासून करा असं माझं म्हणणं आहे. मिरजेपासून केली तर सोपं जाईल, पण त्यातून काही कळणार नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला महिना शिक्षकांना मुलं ओळखू द्या, मग ‘प्रशस्त’ भरून घ्या, आणि ऑगस्टपासून महिन्यातले दोन दिवस ठरवून टाका : एक दिवस गट साधन केंद्रात, दुसरा एखाद्या शाळेत. तारीख वर्षभराची आधी जाहीर करा, म्हणजे आईला रोजगाराचा हिशेब बसवता येईल. चाचणीच्या खोलीत विशेष शिक्षक हजर असावेत, आणि अहवाल मराठीत, एका पानात, वर्गशिक्षकाच्या समोर बसून दिला जावा. मोठा अहवाल लागेल तेव्हा मंडळासाठी वेगळा लिहू. कन्नड येणारी शिक्षिका त्या दिवशी मोकळी ठेवा.

मी स्वतः यायला तयार आहे, माझ्या ओळखीतले आणखी काही जण येतील. फुकट येते असं म्हणणार नाही. फुकटचं काम वर्षभर उत्साहात चालतं, मग ज्याच्या घरी अडचण येते तो सुटतो आणि मुलं तिथंच राहतात. रीतसर करार करा, मानधन ठरवा, हजेरी घ्या.

आणि एक विनंती, ही आताच केलेली बरी. पहिल्या दिवशी चाळीस मुलं रांगेत उभी करून फोटो काढायचा मोह होईल. एका मुलाला नीट बघायला दोन-अडीच तास लागतात. दिवसाला तीनच बोलवा.

आपली,
सांगली-मिरज भागात काम करणारी एक मानसतज्ज्ञ